चौथं भोक

लेक अश्विनीला पार्थ झाला त्या सालची गोष्ट. दिवाळी उरकली होती आणि नातवाचं बारसं चार दिवसांवर आलं होतं. राहात्याच्या बाजारात, फैयाजच्या दुकानापुढं, रंगनाथ आणि मालनबाई कुत्र्याला घेऊन उभे होते.

फैयाज पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून कुत्र्यांसाठी गळपट्टे करायचा. बाहेरून बोटभर खिळे, आतून ट्यूबचं अस्तर. बिबट्याला त्या भागात सगळे वाघच म्हणतात, आणि वाघ आधी गळा धरतो. उसाला तोड लागून वाघ उघड्यावर आल्यापासून फैयाजला जेवायला फुरसत नव्हती. रंगनाथच्या शेजारच्या वस्तीवरची कालवड आठवड्यापूर्वीच गेली होती.

फैयाजनं पट्टा पुढं केला. रंगनाथनं घ्यायच्या आधी तो मालनबाईनंच घेतला. पदर मागं सारला आणि स्वतःच्या गळ्याभोवती लावला.

"आगं, काय करती?"

"आतून टोचतंय का बघती. मुकं जनावर, ते काय सांगनार?"

बक्कल चौथ्या भोकात बसलं. तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली. मग तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली आणि विळा धरल्यासारखी मूठ मागं-पुढं केली.

"गुरांचा घास कापायला आडचन न्हाई," ती म्हणाली. आणि मग रंगनाथकडं न बघता, "वाकल्यावर मी बी वाघाला जनावरावानीच दिसत आसंन."

फैयाज हसला नाही. "मामा, मामीच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघा. दोन गेली पायजेत, तिसरं न्हाई. माप बराबर आसंल तर आजून एक करून देतो. तासाभराचं काम हाय."

दुकानापुढं पाच-सात माणसं होती. त्यांच्याच वस्तीवरचा भागवत मेथीच्या जुड्या काखेत मारून बघत राहिला होता. रंगनाथचा हात उचलला गेला. बोटंही जुळली.

"घाला की दादा, घाबरताय व्हय?" भागवत म्हणाला. "चावायची न्हाई वहिनी."

रंगनाथनं हात खाली घेतला. "तिच्या गळ्यात डोरलं हाय की. माझ्या नावाचा पट्टा आसल्यावर वाघ काय करतोय?"

सगळे हसले. मालनबाईही हसली, पण सगळ्यांच्या मागून. तिनं आपलीच दोन बोटं पट्ट्याखाली घातली.

"बसतोय तर बराबर," ती हळूच म्हणाली आणि बक्कल काढलं. गळ्यावर वळ उमटला होता, त्याच्यावर पदर ओढला.

मग तिनं कुत्र्याला गुडघ्यांत धरलं. त्यालाही चौथंच भोक लागलं. रंगनाथ खाली बसला. कुत्र्याच्या मानेपाशी दोन बोटं घातली, गोल फिरवली, तिसरं घालून बघितलं, ते जाईना तेव्हा त्याचं समाधान झालं.

"ह्याचं मातर मनापास्नं बघताय," मालनबाई म्हणाली.

बायका बोलतात तसं बोलली, असं त्याला वाटलं. बारशाला पाळणा बांधायचा होता, वस्तीवर परत जाणारा दुधाचा टेम्पो निघायच्या बेतात होता. तो उठला.

कुत्रं अजून आहे. दिवस कलला की रंगनाथ त्याला जवळ घेतो आणि पट्ट्याखाली दोन बोटं घालतो. पट्टा सैल झालेला नसतो, घट्टही झालेला नसतो. तरी बोटं बराच वेळ तिथंच राहतात. कुत्रंही मान ताठ धरून निमूट बसतं.

मालनबाईला वाघानं धरलं ते त्याच साली, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत. घासाच्या वाफ्यात ती वाकलेली होती. कुत्रं गोठ्यापाशी बांधलेलं होतं, गळ्यात पट्टा होता. ती वाफ्यातच गेली.