हक्काची वाट

"पुढे देवमाशांचा कळप आहे, पिल्लंही आहेत. कृपया वेग कमी करा." जहाज जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत शिरताच किनाऱ्यावरून रेडिओवर एका बाईचा आवाज आला.

"कमी करू, सर?" सेकंड ऑफिसर मृण्मयीनं विचारलं.

कॅप्टन तोडणकरांनी घड्याळ पाहिलं. बंदरात धक्का दुपारपर्यंतच राखून ठेवलेला होता. "ती विनंती आहे, हुकूम नव्हे. या वाटेनं जायचा प्रत्येक जहाजाला हक्क आहे. चालू दे."

जहाज बंदराला लागलं, तेव्हा धक्क्यावरची माणसं त्याच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवू लागली. तिथं देवमाशाचं पिल्लू आडवं अडकलं होतं. मेलेलं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं कागदपत्रं चाळली. "कॅप्टन, तुम्ही कोणताही नियम मोडलेला नाही," असं म्हणून तो सही घेऊन गेला. त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तोडणकरांना वाटत राहिलं.

परतीच्या फेरीत सामुद्रधुनी येताच त्यांनी वेग निम्म्यावर आणायला सांगितला.

"आज कुणी काही कळवलेलं नाही, सर," मृण्मयी म्हणाली.

"ठाऊक आहे," एवढंच ते बोलले. त्या पिल्लाची आई अजून इथंच फिरत असेल का, हे मृण्मयीला विचारायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.