मदत निघाली आहे

लिफ्टमधल्या मदतीच्या बटणाचं रूप डिझायनरबाईंनी ठरवलं, त्यावरचे शब्द कंपनीतल्या लेखकाने लिहिले. महिनाभर एकमेकांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे जमलं. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि अक्षरं उमटायची, 'घाबरू नका, मदत निघाली आहे.' चाचणीत वाचणाऱ्या प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला. साहेब खूश.

आज दोघं त्याच लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मधोमध अडकले. मोबाइलला रेंज नाही. सोबतच्या आजींनी बटण दाबलं, अक्षरं वाचली आणि खाली निवांत बसकण मारली.

"निघालीय म्हणे मदत. तुम्हा दोघांना कसला एवढा घाम फुटलाय?"



लेखकाने डिझायनरबाईंकडे पाहिलं. बटणाची वायर अजून फक्त त्या हिरव्या दिव्यापर्यंतच जोडलेली होती.