खाऱ्या टाकीतला शेवटचा ठोकळा

ठोकळेबाईंनी बाही सरसावली आणि प्रयोगशाळेतल्या टाकीत हात घातला. टाकीतलं पाणी इतकं खारट, की नुसतं बघून तहान लागावी. एकदा एक मांजर ते चाटून गेलं, तर म्हणे महिनाभर दुधाला शिवलं नाही. नळाखालीच मुक्काम ठोकून होतं. बाईंचे हात तर त्या पाण्याने असे झाले होते, की डास चावायला बसला तर सोंड वाकडी करून उडून जाई.

तळातून त्यांनी भाजलेली माती मिसळलेल्या सिमेंटचा शेवटचा ठोकळा वर काढला. साध्या सिमेंटचे त्याचे भाऊबंद आतल्या सळया गंजून कधीच फुटले होते. मीठ आत शिरू नये म्हणून माती मिसळण्याचं खूळ बाईंचंच. त्यामुळे ते निस्तरायलाही बाईच.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण.

"ताई, मेली का तुझी माती?"

"आता फोडतेय."

"ठोकळे हरले की घरी राहायला येते, असं तूच म्हणाली होतीस. माझे दात हलायला लागले, तुझे ठोकळे आपले ठणठणीत! आज काय ते सांग. तुझी वरची खोली भाड्याने मागायला माणसं येताहेत. मी एकटीने किती दिवस भिंतींशी भांडू?"

"थांब जरा. ठेवू नकोस."

फोन टेबलावर ठेवून बाईंनी ठोकळा यंत्रात धरला. इथे तरी बोलायला कोण होतं? सुट्टीच्या दिवशीही त्या यायच्या, पाणी कमी झालंय का बघायच्या आणि ठोकळ्यांना "येते रे" म्हणून जायच्या. एकानेही कधी "ये" म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर साहेबांनी त्याचाही अहवाल मागितला असता.

कट्कन आवाज झाला. ठोकळ्याची दोन शकलं झाली. साहेब धावत आले. बाईंनी फुटलेल्या बाजूवर औषध फवारलं. मीठ शिरलं असेल तिथवर पांढरं पडणार, बाकीचं तपकिरी होणार. पांढरं सळईपर्यंत पोचलं, की ठोकळा हरला, काम संपलं.

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पांढऱ्याची वाट पाहिली.

काठाला नखाएवढी पांढरी रेघ उमटली आणि तिथेच थांबली. आत सगळं तपकिरी. सळई नव्या सुईसारखी लखलखीत.

"जिंकलात, बाई!" साहेबांनी एक शकल उचललं. "अहो, हा तर आपल्या सगळ्यांना पोचवून मग हरेल! दुसरं शकल सोडा परत टाकीत. मुरू दे अजून."

"ताई?" टेबलावरून आवाज आला. "काय झालं गं?"

बाईंनी ओल्या हातानेच फोन उचलला.

"गेलं," त्या म्हणाल्या. "मीठ पार सळईपर्यंत गेलं. काही उरलं नाही बघ. खोली कोणाला देऊ नकोस, मी येतेय."

साहेब हातातल्या तपकिरी शकलाकडे आणि बाईंकडे आळीपाळीने बघत राहिले. बाईंनी दुसरं शकलही त्यांच्या हातात दिलं.

"नीट धरा," त्या म्हणाल्या. "जड असतं."