गळ्यातली चिठ्ठी

डॉक्टरांनी इसाओची दारू बंद केल्यापासून तोमिएला त्याचा काडीचा भरवसा वाटत नव्हता. ओसाकातल्या त्याच्या नेहमीच्या बारमध्ये एकटीनं शिरायची मात्र तिला लाज वाटे. शेवटी ती पर्यटकांच्या खाऊ-पिऊ फेरीत सामील झाली आणि गाइडच्या झेंड्यामागून आत गेली.

फळीवर गिऱ्हाइकांनी विकत घेऊन तिथंच ठेवलेल्या बाटल्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या घालून उभ्या होत्या. इसाओची काठोकाठ भरलेली, वर धुळीचा थर.

"माझंच मेलं मन खोटं!" म्हणत तिनं मालकाला हसून ओळख सांगितली, "मी तोमिए, इसाओची बायको."



मालकानं लगबगीनं गळ्यात 'तोमिए' अशी चिठ्ठी असलेली, अर्धी रिकामी बाटली पुढे केली. "या वहिनी! ही तुमची तिसरी. इसाओ रोज येऊन संपवायला मदत करतो, म्हणतो, बायकोला एवढी सोसत नाही."