भुताचं काम

पडद्यावरच्या बाईने किंकाळी फोडली आणि शेजारच्या अनोळखी मुलीने काकूंचा हात गच्च धरला. काकूंनी तो सोडवला नाही. त्यांना भीती वाटत नव्हती. पडद्यावरच्या पलंगावर अंथरलेली निळ्या चौकटीची चादर त्यांच्या घरची होती. ती कपाटातून कुठे गडप झाली, हे त्यांना आज वीस वर्षांनी कळत होतं.

हा महोत्सव दर वर्षी याच जुन्या थिएटरात भरायचा. आपापल्या घरात, गच्चीत, जिन्यात, मित्रांना हाताशी धरून भुतंखेतं उभी करणाऱ्या हौशी मंडळींचे भयपट, तीन दिवस. तो सुरू केला होता काकूंच्या मुलाने आणि त्याच्या मित्राने. मित्राला सगळे कॅमेरावालाच म्हणत. मुलगा अपघातात गेला, पण कॅमेरावाल्याने महोत्सव बंद पडू दिला नाही. दर वर्षी तो काकूंना बोलवायला यायचा आणि दर वर्षी काकू "बघू" म्हणून चहा ठेवायच्या.

यंदा त्याने चहा घेतलाच नाही. "काकू, त्याचा शेवटचा सिनेमा. टेपा खराब झाल्या असं समजून मी माळ्यावर टाकल्या होत्या. पोरांनी साफ करून सगळं जोडलंय. दुपारचा खेळ आहे, मी न्यायला येतो."

काकूंना नाही म्हणवेना.

इतकी वर्षं न येण्याचं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. याच सिनेमांपायी मुलाने चांगली नोकरी सोडली होती. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, तो रागारागाने भाड्याच्या खोलीत राहायला गेला. तीन वर्षं काकू एकट्याच डबा घेऊन जायच्या. "बाबांना सांग, मी बरा आहे," असं मुलगा म्हणायचा. काकू घरी येऊन सांगायच्या. नवऱ्याचं डोकं वर्तमानपत्रातून वर यायचं नाही. आणि मग एके दिवशी मुलगा गेला. नवरा रडला नाही. नंतर त्याने घरात मुलाचं नावही काढलं नाही.

काकूंनी त्याला एकदाच विचारलं होतं, "एक शब्द बोलला असतात त्याच्याशी, तर काय बिघडलं असतं तुमचं?"

तो चष्मा पुसत बसला. त्या दिवसापासून काकूंनी त्याचं सगळं केलं. चहा, औषधं, शेवटी दवाखान्यातले दोन महिने. फक्त शेजारी बसून दोन गोष्टी बोलणं तेवढं सोडून दिलं. सहा वर्षांपूर्वी तोही गेला. काकूंचा राग मात्र गेला नाही.

पडद्यावर आता भूत आलं होतं. उंच, किंचित वाकलेलं, तोंड पांढरंफटक रंगवलेलं. थिएटरात चिडीचूप. भुताने बाईचा गळा दाबला, ती निपचित पडल्यावर ते सावकाश स्वयंपाकघरातून बाहेर निघालं. तिथे नळ ठिबकत होता. भूत थांबलं. मागे वळलं. त्याने नळ घट्ट बंद केला, नळाखाली बोट धरलं, थेंब पडत नाही अशी खात्री करून घेतली आणि मगच निघून गेलं.

थिएटर हसलं. कोणीतरी शिट्टी मारली.

काकू पुढे सरकून बसल्या. पाणीपुरवठा खात्यात सदतीस वर्षं काढलेला एकच माणूस त्यांना माहीत होता, जो दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी नळ बघायचा आणि बंद केल्यावर खाली बोट धरायचा. मुलगा जाण्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात तो दर रविवारी दुपारी बुद्धिबळ खेळायला म्हणून जायचा. दिवेलागणीला परत आला की आधी आंघोळीला. "बसून खेळायच्या खेळात एवढा घाम कसा येतो हो?" असं काकू विचारायच्या, आणि तो गालातल्या गालात हसायचा.

काकूंनी विचारलं त्या दिवशी एका वाक्यात तो सुटला असता. पण ते वाक्य बोलायला मुलाचं नाव घ्यावं लागलं असतं.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. कॅमेरावाला माइक घेऊन पुढे आला. मागच्या रांगेतून एका मुलाने विचारलं, "सर, भुताचं काम कोणी केलंय? पाट्यांमध्ये नाव नाही."

"खरं सांगू? मलाही माहीत नाही," कॅमेरावाला म्हणाला. "आम्ही पोचायच्या आधीच माझा मित्र त्यांचा चेहरा रंगवून तयार ठेवायचा. रंगाखालचा चेहरा आम्ही कधी पाहिलाच नाही. नाव विचारलं तर दोघं नुसते हसायचे. आम्ही आपले आजोबा म्हणायचो. काम संपलं की ते दोघं जिन्यात बसून तास तासभर गप्पा मारायचे. आम्ही सामान आवरून ताटकळत उभे. काय एवढं बोलायचे, देव जाणे."

काकूंनी समोरच्या खुर्चीला धरलं. शेजारच्या मुलीने त्यांना आधार देऊन उभं केलं. सगळ्या माना वळल्या.

"काय झालं, काकू?" कॅमेरावाल्याने घाबरून विचारलं. "त्रास होतोय का?"

काकूंनी मान हलवली.

"ते आमचे हे," त्या म्हणाल्या. "त्याचे बाबा."