अपील

चेंडू बॅटची कड घेऊन मागे गेला. अंपायर राधाकिसनला तो बारीक आवाज स्पष्ट ऐकू आला. विकेटकीपर हरिओमने चेंडू झेललाही, पण ओरडलं कुणीच नाही. बॉलर परमेश्वर डोक्याला हात लावून परत फिरला. राधाकिसनने पांढरी टोपी सरळ केली आणि तो गप्प उभा राहिला.

ओव्हर संपल्यावर हरिओमला शंका आली.

"काका, मघाशी बॅट लागल्ती का?"

"लागल्ती."

"मंग आउट का न्हाई दिला?"

"तुमी इचारलं कुठं?"

सगळे हसले. राधाकिसनची ही खोड मंठ्यापासून अंबडपर्यंत सगळ्या टीमना माहीत होती. फिल्डिंगवाल्यांनी अपील केल्याशिवाय अंपायरने आउट द्यायचं नसतं, आणि पुढच्या चेंडूसाठी बॉलर धावत सुटला की मागच्या चेंडूचं अपील संपलं. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ. विचारलं तर मात्र तो खोटं बोलायचा नाही. सख्ख्या भाच्याला त्यानं शून्यावर घरी पाठवलं होतं, आणि त्यापायी बहीण वर्षभर बोलत नव्हती. याचा त्याला भारी अभिमान.

परमेश्वर त्याचा शेजारी. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची. चार महिन्यांपूर्वी परमेश्वरची बायको अक्षता भरदुपारी गच्चीवरून पडून गेली. वाळलेले कपडे काढताना पाय घसरला, असं परमेश्वरनं सगळ्यांना सांगितलं. पोलीस ठाण्याचा जमादार गल्लीत विचारपूस करायला आला त्या दिवशी राधाकिसन अंबडला होता. मॅच खरं तर दुसऱ्या दिवशी होती. हा एक दिवस आधीच जाऊन बसला.

तेव्हापासून परमेश्वर प्रत्येक मॅचच्या आधी त्याच्या पाया पडायचा. पूर्वी कधी पडत नव्हता. येत्या रविवारी परमेश्वरसाठी धावडा गावची मुलगी पाहायला जायचं ठरलं होतं. गाडीत एक जागा राधाकिसनसाठी राखून ठेवली होती, तीही पुढची.

शेवटची ओव्हर आली. परमेश्वर चेंडू मांडीवर घासत रन-अपच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात बाउंड्रीची चुन्याची रेघ ओलांडून एक म्हातारी थेट पिचकडे चालत आली. चपला हातात, पदर खोचलेला. पोरं "आजी, बाजूला व्हा" म्हणून ओरडली, पण तिनं मान वळवली नाही. ती अक्षताची आई होती, चांगुणाबाई.

"घरी तीन खेपा मारल्या," ती राधाकिसनला म्हणाली. "तुमी सापडतच न्हाई. मंग इथं आले."

राधाकिसननं चेंडू मोजायचे खडे मुठीत घट्ट धरले.

"काका, टाकू का बॉल?" परमेश्वर मागून ओरडला. त्याचा आवाज चिरकला.

चांगुणाबाईनं तिकडे लक्षच दिलं नाही. "दादा, तुमची गच्ची लागून हाये. माझी लेक घसरली, का तिला ढकललं? तुमी पाह्यलं का?"

चार महिन्यांत हा प्रश्न त्याला तोंडावर कुणी विचारला नव्हता. कुणाला विचारता येऊ नये म्हणून त्यानं काय काय केलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मागून बूट वाजायला लागले. परवानगीची वाट न पाहता परमेश्वर धावत सुटला होता. राधाकिसननं वळूनही न बघता डावा हात आडवा केला. बूट थांबले.

"पाह्यलं," तो म्हणाला. "ढकललं. ह्यानंच."

हरिओमच्या हातातला ग्लोव्ह खाली पडला. चांगुणाबाई रडली नाही. तिनं राधाकिसनच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

"मंग चार म्हैने सांगितलं का न्हाई?"

उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं. मघाशी सगळ्यांना हसवलेलं, तेच. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर तो स्वतःलाही तेच सांगत आला होता. पण आता ते तोंडातून निघेना आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्या दुपारी तो गच्चीवर तूर वाळत घालत होता. पलीकडे कठड्याला पाठ लागलेल्या अक्षतानं त्याच्याकडे पाहून दोनदा हाक मारली होती.

"काका! ओ काका!"