पेनल्टीचं पहिलं नाव

"सर, आज सामना पेनल्टीवर गेला तर माझं नाव घेऊ नका."

कॅप्टनने हे बुटाची नाडी बांधताना सांगितलं, मान वर न करता. सर दारातच थांबले. फायनलला तासभर उरला होता. कित्येक वर्षं पेनल्टी मारणाऱ्या पाच जणींत पहिलं नाव तिचंच असायचं. पाय दुखत नव्हता, अंगात ताप नव्हता. सरांनी कारण विचारलं. ती म्हणाली, आहे काहीतरी.

सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणावं, तर ती पाल महिनाभर तिथे मुक्कामालाच होती. लीगच्या सामन्यात आजच्या फायनलमधल्या समोरच्या संघाने सरांच्या संघाचे कॉर्नर असे अडवले होते, की जणू आदल्या दिवशी सराव बघून गेले होते. तेव्हापासून सरांनी एकेका मुलीवर नजर ठेवली. मुली पाठीमागे त्यांना दुर्बीण म्हणत, ते काही उगाच नाही. बाकीच्या साध्यासरळ निघाल्या. कॅप्टन मात्र फोन आला की बाहेर जायची. सराव संपला की मागच्या गल्लीपर्यंत चालत जायची. तिथे एक निळी गाडी उभी असायची.

एका रविवारी सर त्या गाडीच्या मागे गेले. गाडी चालवत होती समोरच्या संघाची गोलकीपर. दोघींनी दुकानातून एक डबल गादी घेतली, टपावर बांधली आणि एका जुन्या इमारतीचे जिने चढवत वर नेली. मध्येच दमल्या, तेव्हा त्याच गादीवर बसल्या आणि हसत सुटल्या. फितुरीला गादी कशाला लागते, हा प्रश्न सरांना पडायला हवा होता. त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला: आपले कॉर्नर फुटतात ते वरच्या त्या खोलीतून. हे ते कुणापाशी बोलले नाहीत. घरी तर नाहीच. घरात फुटबॉलचा विषय काढायचा नाही, असा त्यांच्याकडे लग्नापासूनचा नियम होता.

आणि आज ही पेनल्टी नको म्हणत होती.

सरांनी तिला चेंडू ठेवायच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"ती गोलकीपर तुझी कोण लागते?"

तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिने एवढंच विचारलं, की तुम्ही आमच्या मागे आला होतात का. खरं काय ते सांग, नाहीतर आज बाकावर बसशील, उद्या संघटनेकडे तक्रार जाईल आणि जन्मभर फितूर म्हणून फिरशील, असं त्यांनी सुनावलं. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून त्यांनी तिला शिकवलं होतं. रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं.

ती दंडावरची कॅप्टनची पट्टी कितीतरी वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "सांगते. पण इथे नाही. बाहेर, सगळ्यांसमोर."

आणि ती सरळ समोरच्या संघाच्या खोलीकडे चालू लागली. आता एवढंच व्हायचं बाकी होतं. सरांनी भिंतीशी उभं राहून पाहिलं. गोलकीपर दाराबाहेर आली, दोघी हळू आवाजात बोलल्या, गोलकीपरने डोळे पुसले आणि मान हलवली. सरांनी अंदाज बांधला: टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर ही त्या संघात जात असल्याचं जाहीर करणार, नाहीतर आपल्यावरच काहीतरी ढकलणार. पेनल्टीच्या पहिल्या नावाच्या जागी दुसरी कोण, ते त्यांनी मनात ठरवून टाकलं.

दोन्ही संघ मैदानात उभे राहिले. टीव्हीवाली माईक घेऊन आधी सरांकडे आली. दर फायनलला तिचा प्रश्न ठरलेला असायचा.

"सर, आज घरी कोण जिंकणार?"

अख्खं मैदान हसलं. समोरच्या बाकावरून त्या संघाच्या कोचने, म्हणजे सरांच्या बायकोने, हात हलवला. सकाळी दोघं एकाच गाडीतून आले होते. सरांनीही ठरलेलं उत्तर दिलं: जो हरेल तो भांडी घासेल. लोक आणखी हसले.

माईक कॅप्टनकडे गेला. तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"मलाही हेच विचारा," ती म्हणाली. "समोरची गोलकीपर आणि मी एका घरात राहतो. मैत्रिणी म्हणून नाही, जोडीदार म्हणून. तिला विचारूनच सांगतेय. मी पेनल्टी मारली आणि गोल झाला, तर तुम्ही म्हणाल तिने सोडला. तिने अडवला, तर म्हणाल मी मुद्दाम तिच्या हातात मारला. म्हणून सरांना माझं नाव काढायला सांगितलं होतं. सर, आता काढू नका."

कुणी हसलं नाही. टीव्हीवालीने माईक मागे घेतला आणि सरांकडे पाहिलं, काहीतरी पकडल्यासारखं. ती नजर सरांच्या ओळखीची होती. महिनाभर ती त्यांचीच होती.

त्यांनी समोरच्या बाकावरच्या बायकोकडे पाहिलं. सरांचे कॉर्नर कसे असतात, हे जगात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक होतं, ते त्यांच्या आता लक्षात येत होतं. इतकी वर्षं दोघं एका घरातून येऊन समोरासमोर बसत होते. त्यांच्या गाडीमागे कधी कुणी आलं नव्हतं. सरांना शरम वाटली.

टीव्हीवालीने त्यांना विचारलं, "सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला नंतर विचारा," सर म्हणाले. "आधी तिला विचारा, घरी आज कोण जिंकणार. मला विचारलंत तसंच. हसत."